सोफ्यावरची पंचायत

दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे जमली की एक प्रश्न हमखास निघतो. चकलीचा तुकडा मोडता मोडता एखादी मावशी पंचविशीतल्या भाचीला विचारते, "काय गं, कुणी पाहून ठेवलाय का? कोण आहे? करतो काय?" भाचीचा चेहरा पडतो. ती आपली बशी उचलते आणि आतल्या खोलीत जाते. तिच्यामागून बाकीची भावंडेही उठतात. "या लोकांना दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसल्याशिवाय चैनच पडत नाही," हा त्यांचा निकाल दाराआडून ऐकू येतो. निकाल योग्य आहे. त्यावर माझे अपील नाही.

माझी तक्रार पुढच्या पाच मिनिटांची आहे. आतून हसण्याचा एकच गडगडाट होतो. जाऊन पाहावे तर 'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका चालू असते. ही मालिका 1994 साली सुरू झाली आणि 236 भाग दाखवून 2004 साली संपली, तरी आमच्या घरातल्या मुलांना ती पाठ आहे. न्यूयॉर्कमधले एक कॉफीगृह, त्यातला एक लांबलचक सोफा आणि त्यावर बसलेले सहा मित्रमैत्रिणी. त्यांपैकी एकाचे कुठे नवे सूत जुळले की उरलेले पाच विचारतात, "कोण आहे? करतो काय?" म्हणजे मावशीचाच प्रश्न, शब्दही जवळजवळ तेच. फरक इतकाच, की मावशीने विचारले तर तो भोचकपणा आणि सोफ्यावरून विचारले तर ती मैत्री! एकाच गुन्ह्याला हे दोन कायदे कुठून आले, हे मला या मुलांना विचारायचे आहे.

वाचकहो, या पंचायतीचे दोन-चार खटले तपासून पाहू.

पहिला खटला अगदी आरंभीचा, ऑक्टोबर 1994 मधला. मोनिका नावाच्या मुलीला एक जोडीदार भेटला आहे, ॲलन नावाचा. ती त्याला मित्रांपुढे आणायला धजत नाही; आणले की ही मंडळी त्याच्या चिंध्या करतील, हे तिला अनुभवाने ठाऊक आहे. शेवटी आणते, आणि उलटेच घडते. मंडळी ॲलनवर लुब्ध होतात. त्याच्या जिवावर एक सामनाही जिंकतात. इकडे मोनिकाच्या मनात मात्र काही केल्या प्रेम उगवत नाही. ती नाते मोडते, आणि मग काय दृश्य दिसते? जिचे नाते मोडले ती कोरडी, आणि मित्र सुतकात! तिलाच त्यांची समजूत घालावी लागते. आणखी मौज अशी, की तिकडे ॲलनला सुटल्यासारखे वाटते, कारण या मित्रमंडळींना तो विटलेला असतो. लेखकांनी हे थट्टेने लिहिले, पण लिहिले ते खरे. मोनिकेचे नाते मोनिकेचे राहिलेच नव्हते.

दुसरा खटला 1995 च्या जानेवारीतला. फीबीने आणलेला रॉजर मानसतज्ज्ञ आहे, आणि तो ज्याच्या त्याच्या तोंडावर त्याची मर्मे सांगत सुटतो. साहजिकच मंडळींना त्याची तिडीक येते. रॉजर काही फार गोड माणूस नव्हता, हे कबूल. पण फीबीने त्याला सोडले ते तो तिच्याशी वाईट वागला म्हणून नव्हे, तर त्याला तिचे मित्र आवडत नाहीत म्हणून. म्हणजे सोफ्याला आवडलेला गेला आणि सोफा न आवडलेलाही गेला. सोफा तेवढा कायम.

तिसरा खटला मला सर्वांत जिव्हारी लागतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रॉस हा गृहस्थ ज्यूली आणि रेचेल या दोघींच्या कात्रीत सापडतो. अशा वेळी मित्रांनी काय करावे? त्याला एकटे सोडावे, फार तर त्याच्याबरोबर मुकाट्याने चार पावले चालावे. चँडलर आणि जोई काय करतात? त्याला घेऊन बसतात, नवा कोरा संगणक उघडतात आणि दोघींच्या गुणदोषांची यादी टंकायला घेतात. रेचेलच्या दोषांत नोंद होते, की ती नुसती वेट्रेस आहे, तिचे घोटे जाड आहेत. पुढे रॉस ज्यूलीला सोडून रेचेलकडेच येतो. पण तोवर तो छापील कागद रेचेलच्या हाती पडतो. ज्या माणसाने आपली निवड केली त्याने आधी आपला हिशेब मांडला होता, हे त्या मुलीने डोळ्यांनी वाचले. कोणाच्याही मनात अशा क्षुद्र गोष्टी येतात; मनात येतात आणि विरून जातात. मित्रांनी त्यांना कागदावर आणले. मनातल्या मनात जिरले असते ते दस्तऐवज होऊन बसले.

ही खोड एकाच मालिकेची आहे असेही नाही. 'हाउ आय मेट युवर मदर' या दुसऱ्या मालिकेत 2009 साली उघड झाले, की लिली नावाची मैत्रीण टेड या मित्राची प्रेमप्रकरणे गुपचूप मोडत आली आहे. तिची कसोटी ऐका. म्हातारपणी आपण सगळे ओसरीवर पत्ते खेळत बसू, तेव्हा त्या चित्रात ही मुलगी शोभेल का? शोभणार नसेल तर तिला वाटेला लावायचे. टेडला ती सुखी करील का, हा प्रश्न दुय्यम. लिलीच्या पत्त्यांच्या डावाला ती चालेल का, हा मुख्य! आमच्याकडच्या कोणत्याही खाष्ट आत्याने याहून उघड स्वार्थ सांगितला नसता.

आता कोणी म्हणेल, "अहो, करमणुकीचा खेळ तो. एवढे मनावर काय घेता?" लेखकांशी माझे भांडण नाही. त्यांचा धंदा मला समजतो. दर आठवड्याला तीच माणसे त्याच सोफ्यावर परत यायला हवीत. एखादा खरोखर प्रेमात पडून संसाराला लागला, तर सोफ्यावरची एक जागा रिकामी होते आणि खेळच बसतो. म्हणून प्रत्येक नवा माणूस हा खेळाचा शत्रू. त्याला वीस-बावीस मिनिटांत हसत हसत दाराबाहेर काढणे ही तिथली गरज आहे. पण धंद्याची गरज हा मैत्रीचा धर्म नव्हे. वर्षानुवर्षे तेच पाहून पाहणाऱ्या पोराला वाटू लागते, की आपले प्रेम मित्रांपुढे मांडणे, त्यावर गुण घेणे आणि नापास झाले तर टाकून देणे हीच जगरहाटी. भांडण आहे ते इथे.

हे मी इतक्या तावातावाने का सांगतो? तर मी स्वतः त्या सोफ्यावर बसलेलो आहे. आमच्या वेळी सोफा नव्हता. पुण्यातल्या एका वाड्याच्या माडीवरच्या दोन खाटा होत्या. साल 1974. आम्ही चौघे एका खोलीत राहत होतो. त्यांपैकी एकाचे मन एका मुलीवर जडले. बिचाऱ्याने मोठ्या विश्वासाने ते आम्हाला सांगितले आणि एका संध्याकाळी तिला चहाला आणले. ती लहान गावातून आलेली, जरा घाबरलेली. बोलता बोलता तिने दोन शब्द तिच्या गावाकडच्या वळणाने उच्चारले. ती गेल्यावर आम्ही तिघांनी त्या दोन शब्दांची जी चेष्टा आरंभली ती आठ दिवस चालली. नक्कल माझी चांगली होई. पहिल्या दिवशी तोही हसला. चौथ्या दिवशी हसला नाही. आठव्या दिवशी म्हणाला, "जाऊ दे रे, तसं काही नव्हतंच." आम्हाला वाटले, आपण मित्राला वाचवले.

त्याचे पुढे वाईट झाले असे नाही. नोकरी लागली, लग्न झाले, संसार झाला. पण ते लग्न आम्हाला कळले ते टपालाने आलेल्या छापील पत्रिकेवरून. त्यानंतर आजतागायत त्याने मनातली एकही गोष्ट आम्हाला सांगितलेली नाही. भेटतो, हसतो, प्रकृती विचारतो. आमचा दंड तो तेव्हापासून असा वसूल करतो आहे, आणि त्या मुलीचा दंड तर आम्ही कधी भरलाच नाही.

विरुद्ध बाजूचे म्हणणे मला माहीत आहे. प्रेमात माणूस आंधळा होतो, मित्राचे डोळे उघडे असतात, मग धोका दिसला तरी गप्प बसायचे काय? मुळीच नाही. समोरचा माणूस आधीच विवाहित असेल, दारुड्या असेल, हात उगारणारा असेल, पैशाला फसवणारा असेल, तर सांगा. एकांतात सांगा, स्पष्ट सांगा. गप्प बसाल तर तुम्ही मित्र नाही. पण तिचे घोटे, त्याचे बूट, तिचा उच्चार, त्याचे विनोद हे धोके नव्हेत. त्या तुमच्या आवडीनिवडी झाल्या, आणि लग्न तुमचे नाही.

गाठ घालून देण्यालाही माझी हरकत नाही. 'फ्रेंड्स'मध्येच 2002 साली जोईने फीबीसाठी माणूस शोधायचे कबूल केले आणि साफ विसरला. मग भर कॉफीगृहात त्याने "माइक!" अशी हाक मारली, आणि ज्याने ओ दिली त्यालाच आपला मित्र म्हणून पुढे केले. पुढे फीबीने त्याच माइकशी लग्न केले. जोईने दार उघडले एवढेच; उंबरठ्यावर तराजू घेऊन तो बसला नाही.

आणि शेवटचा पुरावा त्या मालिकेचाच. त्या सहांमध्ये जे प्रेम फारशा मोडतोडीवाचून संसारापर्यंत पोचले, ते मोनिका आणि चँडलर यांचे. ते 1998 साली लंडनमध्ये जुळले, आणि दोघांनी पहिली गोष्ट कोणती केली? ते मित्रांपासून लपवले! कित्येक महिने त्याला ना यादी लागली, ना गुण. फेब्रुवारी 1999 मध्ये गुपित फुटले, तेव्हाही फीबी आणि रेचेल यांनी अभिनंदन केले नाही. चँडलरला लटक्या लाडीगोडीने पेचात धरण्याचा खेळ मांडला. अखेर त्या भित्र्या माणसाने सर्वांसमक्ष मोनिकावरचे प्रेम बोलून दाखवले, तेव्हा त्यांची तोंडे मिटली. तोवर ते प्रेम लोकांची थट्टा सोसण्याइतके जून झाले होते.

या सगळ्यात एकाला मात्र आधीपासून माहीत होते. तो जोई. सहांमध्ये सर्वांत बावळट म्हणून ज्याला हसतात, तोच. त्याला त्या गुपितापायी नाही नाही ती खोटी लाज पत्करावी लागली, तो त्रासला, चिडला; पण त्याने तोंड उघडले नाही. त्या सोफ्यावर मला मित्र दिसला तो एवढाच.

तेव्हा या दिवाळीत घरच्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने संकोचत कोणाला फराळाला आणले, तर मावश्यांनी वंशावळ विचारू नये, आणि आतल्या खोलीतल्या मित्रमंडळाने ते माणूस गेल्यावर सभा भरवू नये. पाटावर बसवा, करंजी वाढा, पुन्हा या म्हणून सांगा. माझ्या खोलीवर त्या संध्याकाळी आलेल्या मुलीला "पुन्हा या" म्हणायचे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते.