किल्ट आवळला, तर परंपरा बिघडते का?

१/ वजन उतरले की किल्ट कमरेवर सैल होतो. तो उसवून नव्या मापाला शिवणे म्हणजे परंपरेचा भंग, असे काहींना वाटते. इतिहासाची साक्ष मात्र उलट आहे.

२/ सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉटलंडच्या हायलँड मुलखात नेसला जाणारा मोठा किल्ट हा न शिवलेला लांब लोकरी पट होता. त्याला चुण्या घालून वर पट्टा आवळीत. देह वाढो वा रोडावो, वस्त्र तेच राही.

३/ अठराव्या शतकात केवळ कमरेखालचा छोटा किल्ट रूढ झाला. १७४६ च्या कायद्याने सैन्याबाहेरील पुरुषांना हा वेश निषिद्ध ठरला. १७८२ मध्ये बंदी उठली. शतक सरता सरता चुण्या शिवल्या जाऊ लागल्या आणि किल्ट एका मापाला बांधला गेला.

४/ आजच्या पूर्ण किल्टला सुमारे ८ वार कापड लागते. थोडा फरक बक्कल सरकवून भागतो. फरक मोठा असल्यास चुण्या उसवून, प्रत्येक किंचित खोल घेऊन पुन्हा शिवाव्या लागतात. टार्टनच्या चौकटी जुळवताना कारागिराची कसोटी लागते.

५/ मात्र वाचलेल्या कापडाला कात्री लावू नये. ते चुण्यांत राखले, तर किल्ट पुन्हा सैल करता येतो, पुढच्या पिढीलाही देता येतो. देहाशी जुळवून घेणे ही या वस्त्राची मूळ रीत. पक्की शिवण नंतरची.