मॅटिनी, पहिला पगार आणि एक जुने नाव



दवाखान्यात ज्येष्ठ रुग्ण आले, की औषधांची विचारपूस संपल्यावर गप्पा हमखास एका ठरावीक काळाकडे वळतात. सकाळची गोळी घेतली की नाही, हे आठवत नाही. पण पहिल्या नोकरीचा पहिला पगार रुपये-पैशांसह आठवतो. काल कोण भेटायला आले होते, हे सांगता येत नाही. पण कोणता चित्रपट कोणत्या थिएटरात, कोणाबरोबर पाहिला आणि तिकिटासाठी रांगेत किती वेळ उभे राहावे लागले, हे सारे तपशीलवार सांगता येते. ‘कोणाबरोबर’ या शब्दापाशी मात्र आवाज किंचित खाली येतो आणि सोबत आलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे एक चोरटा कटाक्ष जातो.

आज याच तीन गोष्टींविषयी, म्हणजे जुने चित्रपट, जुने प्रेम आणि नोकरीचे दिवस यांविषयी, आपल्याशी बोलायचे आहे. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु घरातील वृद्ध व्यक्तीची देखभाल करणाऱ्यांना तो औषधांच्या वेळापत्रकाइतकाच उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा बराच अभ्यास केला आहे. उतारवयातील माणसांना आयुष्यातील आठवणी सांगण्यास सांगितले, तर साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे येतात. वयानुसार आठवणींचा आलेख काढला, तर त्या काळापाशी चक्क उंचवटा दिसतो. त्यामागील एक कारण सहज समजण्यासारखे आहे. या वर्षांत बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात. पहिल्यांदा घर सुटते, पहिल्यांदा पगार हाती येतो, पहिल्यांदा कोणीतरी मनात भरते. भावनांची दखल घेणारा अमिग्डाला आणि नव्या आठवणी साठवण्यास मदत करणारा हिप्पोकॅम्पस हे मेंदूचे भाग एकमेकांच्या शेजारी असतात. म्हणूनच भावनेने भिजलेली घटना मेंदूत अधिक पक्की नोंदवली जाते. त्या दिवसांत रेडिओवर जे गाणे वाजत होते, तेही त्या नोंदीबरोबर बांधले जाते.

माझेच उदाहरण देतो. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली प्रदर्शित झाला, तेव्हा मी वैद्यकीय महाविद्यालयात होतो. शरीररचनाशास्त्राची परीक्षा डोक्यावर असूनही आम्ही सहा-सात जण तो पाहायला गेलो. त्या घोळक्यात एक वर्गमैत्रीण होती. हसू अनावर झाले, की ती पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात आपटायची. त्यापलीकडे सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. इंटर्नशिप संपली, ती तिच्या गावी गेली आणि मी माझ्या. आज तिचा चेहराही नीट आठवत नाही. आठवतो तो परतीच्या बसपुरते पैसे खिशात राखून ठेवणारा, पुढे काय होणार याची काडीमात्र कल्पना नसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. तो चित्रपट दूरचित्रवाणीवर लागला, की माझी पत्नी मला आवर्जून हाक मारते. तिला या मुलाची गोष्ट ठाऊक आहे आणि त्याच्याशी तिचे काहीही वैर नाही.

जुन्या प्रेमाच्या आठवणीत माणसाला बहुधा असा आपलाच तरुण चेहरा भेटतो. ही साधी गोष्ट घरच्यांना ठाऊक असली, तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपे नियमित येत असे. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. काका सरकारी कार्यालयातून लेखनिक म्हणून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. तीन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचे निदान झाले होते. त्यांची अंघोळ, जेवण, औषधे, रात्रीची उठबस हे सारे काकूच पाहत. एकदा त्या एकट्याच आल्या. रक्तदाब बराच वाढलेला होता, झोप उडालेली होती. थोडा वेळ घुटमळून त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, यांनी हल्ली एक नाव धरलंय. मलाच त्या नावानं हाक मारतात. सिनेमाची तिकिटं काढून ठेवलीत, चल म्हणतात. पन्नास वर्षांत हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मग एवढी वर्षं मी कोण होते?’’

रक्तदाबाची गोळी बदलणे सोपे होते. या प्रश्नाला उत्तर देणे अवघड होते. मी त्यांना विस्मृतीचा एक जुना नियम सांगितला. तेओद्युल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये असे मांडले होते, की स्मृती नष्ट होऊ लागते तेव्हा अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या मागाहून. अल्झायमरमध्ये साधारणपणे असेच घडते. वहीची शेवटची पाने आधी गळून पडावीत, तसे. काकांच्या वहीत आता बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापर्यंतची पानेच वाचता येत होती. त्यांचे लग्न झाले होते सत्ताविसाव्या वर्षी. ‘‘काकू, तुमचं पान हरवलं आहे, ते त्यांनी फाडलेलं नाही,’’ मी म्हणालो. ‘‘आपल्याला जपणारी एक बाई सतत जवळ आहे, एवढं त्यांना कळतं. तिला हाक मारायला त्यांच्याकडे तेवढं एकच नाव उरलं आहे.’’

मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. काका ते नाव घेतील तेव्हा वाद घालायचा नाही. कोणता चित्रपट, असे त्यांनाच विचारायचे. आणि आठवड्यातून दोन रात्री मुलीने येऊन राहायचे, म्हणजे काकूंना झोप मिळेल. पुढे समजले, की तो चित्रपट १९६३ सालचा ‘मेरे मेहबूब’ होता. मुलीने त्यातील गाणी मोबाइलवर घेऊन दिली. अंघोळीच्या वेळी रोज होणारी झटापट गाणी लावल्यावर बरीच कमी झाली; सगळेच दिवस तसे गेले नाहीत, पण पुष्कळ गेले. पुढच्या तपासणीला काकू म्हणाल्या, ‘‘नाव तिचंच घेतात, हात मात्र माझा सोडत नाहीत.’’ त्यांचा रक्तदाबही उतरला होता. त्याचे श्रेय गोळीला किती आणि त्या दोन रात्रींच्या झोपेला किती, हे मी ठरवू शकत नाही.

म्हाताऱ्या माणसांचे असे गतकाळात रमणे पूर्वी ऱ्हासाचे लक्षण समजले जाई. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये वेगळा विचार मांडला. आयुष्याच्या उत्तरार्धात मागे वळून पाहणे ही स्वाभाविक प्रक्रिया आहे, तिच्यातून माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब लावत असतो, असे त्याचे म्हणणे होते. पुढे छायाचित्रे, वस्तू आणि संगीत यांच्या आधारे आठवणी जागवण्याची पद्धत वृद्धांच्या देखभालीत रुजली. तिने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. काही रुग्णांमध्ये मनःस्थिती आणि संवाद थोडा सुधारतो, एवढेच म्हणता येते. पण ज्या घरात दिवसभर संवादच उरलेला नाही, तिथे हे थोडेही पुष्कळ असते.

या संदर्भात मला बासू चटर्जी यांचा १९७४ सालचा ‘रजनीगंधा’ नेहमी आठवतो. मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या कथेवर तो आधारलेला आहे. दिल्लीतील दीपा मुलाखतीसाठी मुंबईला येते. तिथे पूर्वीचा प्रियकर तिला भेटतो, मदत करतो आणि मन पुन्हा डळमळते. दिल्लीत तिची वाट पाहणारा संजय म्हणजे वेळ न पाळणारा, कार्यालयातील बढतीच्या गप्पांत रमणारा साधा नोकरदार. शेवटी निशिगंधाची फुले घेऊन तोच दारात येतो आणि दीपाला आपले उत्तर मिळते. जुने प्रेम खोटे ठरवण्याची गरज या चित्रपटाला वाटत नाही. ते खरे होते आणि रोजचे प्रेमही खरे आहे. आपल्या वडिलांच्या किंवा आईच्या मनातील एखाद्या जुन्या नावाकडे मुलांनी याच नजरेने पाहावे.

आता नोकरीविषयी. चाळीस वर्षे ठरलेली गाडी पकडून ठरलेल्या टेबलापाशी बसणाऱ्या माणसाच्या अंगात ती सवय मुरलेली असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये दुपार कलली, की अनेकदा अस्वस्थता वाढते आणि ‘ऑफिसला उशीर होतोय’ किंवा ‘घरी जायचंय’ असा धोशा सुरू होतो. ‘तुम्ही निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली’ या उत्तराने त्यांना शांत वाटत नाही, उलट भीती वाटते. त्याऐवजी ‘तुमचे साहेब कसे होते?’ असे विचारावे किंवा हाताला काम द्यावे. निवृत्त शिक्षिकेला जुन्या वह्या आणि लाल पेन, हिशेबनिसाला कागदांचा गठ्ठा आणि खाकी पाकिटे, शिवणकाम करणाऱ्याला घडी घालायचे कपडे द्यावेत. काम अचूक होते की नाही, हे पाहू नये.

घरी हे करू पाहणाऱ्यांसाठी काही सूचना. आपल्या माणसाच्या जन्मसालात पंधरा आणि तीस मिळवा. जन्म १९४५ चा असेल, तर १९६० ते १९७५ ही वर्षे मिळतात. म्हणजे ‘जगाच्या पाठीवर’पासून ‘पिंजरा’पर्यंत आणि ‘मुघल-ए-आझम’पासून ‘शोले’पर्यंतचा काळ, रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला ऐकण्याचाही काळ. त्यातून गाणी निवडा. श्रवणयंत्र आणि चष्मा आधी जागेवर आहेत ना, हे पाहा. अर्धा तास पुरे. ‘हे कोण, ओळखा पाहू?’ असे कधीही विचारू नका. न आलेले उत्तर माणसाला लाजवते. ‘तेव्हा तिकीट कसं मिळायचं?’ असे विचारा. आणि एखादे गुपित कानावर आले, तर ते लग्नसमारंभात चारचौघांना सांगायचा किस्सा करू नका. सांगणाऱ्याने ते तुमच्यावर विश्वास टाकून सांगितलेले असते.

काही इशारेही ध्यानात ठेवावेत. एक-दोन दिवसांतच अचानक गोंधळ उडणे, काळवेळाचे भान सुटणे याला आठवणीत रमणे समजू नका. लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा नव्याने सुरू झालेले औषध यांमुळे असे घडू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. विसराळूपणा नुकताच सुरू झाला असेल, तर थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेवर उपचार आहेत. आठवणींनंतर रडू आवरत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, असे दोन आठवडे चालले असेल, तर नैराश्याचा विचार व्हायला हवा. विशेषतः जोडीदार नुकताच गमावलेल्या व्यक्तीबाबत गाणी निवडताना तिलाच आधी विचारावे. आणि तीन तासांचा चित्रपट पाहणाऱ्या ज्येष्ठांनी मध्यंतराची वाट न पाहता अधूनमधून पाय हलवावेत, पाणी प्यावे आणि उठताना क्षणभर खुर्ची धरून उभे राहावे. बराच वेळ बसून एकदम उठल्यास रक्तदाब घसरून तोल जाऊ शकतो.

ज्येष्ठ वाचकांना शेवटी एक विनंती. स्मृती शाबूत आहे, तोवर आपल्या आवडीची दहा गाणी, पाच चित्रपट आणि पहिल्या नोकरीचे ठिकाण एका कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा. नावे लिहायची की नाहीत, ते तुम्ही ठरवा. उद्या गरज पडली, तर तुमची देखभाल करणाऱ्याच्या हाती तो कागद असेल आणि कोणते गाणे लावायचे, हे त्याला शोधत बसावे लागणार नाही.