किल्ली चौकटीवर, कुलूप दाराला

कार्यालये, बँका, महाविद्यालये यांतील संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या ‘स्विच’ नामक यंत्राची सारी व्यवस्था एका फाइलीत लिहिलेली असते. त्या यंत्रात शिरण्याचे पासवर्डही तिच्यातच असतात. यंत्र बिघडल्यास हाताशी असावी म्हणून या फाइलीची प्रत काढून ठेवतात. दुरुस्तीच्या निमित्ताने ती बाहेरही जाते. तिच्यासंगे किल्लीही गावभर फिरते.

फाइलीत पासवर्ड गूढ अक्षरांत दिसतो, म्हणजे तो सुरक्षित आहे, हा समज भ्रामक होय. सिस्को कंपनीच्या यंत्रांतील ‘टाइप ७’ ही पद्धत क्षणार्धात उलगडते. डोकावणाऱ्यापुरता तो आडपडदा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती वापरू नये असे बजावून ‘टाइप ८’ची शिफारस केली. तीत मूळ शब्द साठवला जात नाही. ज्यावरून तो थेट परत काढता येत नाही असा ठसा तेवढा राहतो. तरीही दुबळ्या पद्धती अद्याप आढळतात, असे त्याच देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेला ऑगस्ट २०२४ मध्ये सांगावे लागले.

ही हेळसांड का? दक्षतेचे श्रम एकाला पडतात आणि हानी मात्र खातेदार-विद्यार्थ्यांना सोसावी लागते, हे त्याचे खरे कारण. म्हणूनच हा विषय तंत्रज्ञाच्या मर्जीवर सोडता कामा नये. प्रत्येक यंत्राचा पासवर्ड निराळा असावा, प्रती बंदोबस्तात राहाव्यात, बाहेर देताना पासवर्ड गाळावेत आणि जाणकार कर्मचारी सोडून जाताच ते बदलावेत, असा नियम व्यवस्थापनानेच केला पाहिजे. किल्ली चौकटीवर ठेवणाऱ्याने केवळ चोराला दोष देऊन भागणार नाही.