यादीतील गोळी आणि कपाटातील गोळी

नातेपुत्यात माझ्या शेजारी उसाच्या बैलगाडीवर हयात घालवलेले एक गृहस्थ राहतात. हृदयविकाराच्या झटक्यातून ते बचावले. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी कायम घ्या, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. दोन महिन्यांत त्यांनी ती बंद केली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "सर, दुखत तर काहीच नाही, मग दर महिन्याला पैसे कशाला घालवायचे?" मीही तीच गोळी घेतो. फरक इतकाच की मला निवृत्तिवेतन आहे, त्यांना नाही.

हा श्रीमंतांचा रोग आहे, ही समजूत आपल्या चळवळीनेही आता टाकून दिली पाहिजे. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ साली एका बुरशीतून यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य शोधले. त्याच जातीच्या पहिल्या औषधाला १९८७ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढे स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर पाच वर्षांहून अधिक काळ प्रयोग झाला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, गोळी घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. अर्थात, तपासणीतला आकडा थोडा वाढला की प्रत्येकाने गोळी सुरू करावी, असा याचा अर्थ नव्हे. काहींचे स्नायूही तिने दुखतात. तथापि, ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे त्याने डॉक्टरांना न विचारता ती सोडणे, हे जिवाशी खेळणे होय.

आता प्रश्न किमतीचा. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर मक्तेदारी मान्य केली. त्यामुळेच भारतीय कारखान्यांना ॲटोर्व्हास्टॅटिनसारखी औषधे स्वतःच्या पद्धतीने बनविता आली. २००५ साली हा अधिकार आपण गमावला. परंतु या गोळीचे पेटंट केव्हाच संपले आहे. मग आज किंमत कशाची मोजावी लागते? छापाची. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. येथे निवड डॉक्टर करतो आणि पैसे रोगी मोजतो. २०१३ च्या औषध किंमत आदेशाने कमाल किंमत ठरविण्यासाठी उत्पादनखर्चाचा आधार सोडला आणि बाजारात खपणाऱ्या छापांच्या किमतींची सरासरी धरली. ज्याला लगाम घालायचा, त्याच्याच हाती मोजपट्टी दिली!

जनऔषधी दुकाने स्वागतार्ह आहेत. परंतु हंगाम संपल्यावर हातात पैसा नसलेल्या मजुराला स्वस्त गोळीही विकतच घ्यावी लागते. ही गोळी आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. मात्र यादीत नाव असणे आणि सरकारी दवाखान्याच्या कपाटात गोळी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. तमिळनाडूने औषधखरेदीसाठी १९९४ साली स्वतंत्र महामंडळ उभारले. महाराष्ट्राला तसे प्राधिकरण निर्माण करण्यास २०२३ साल उजाडले. आता त्याचा हिशेब गावपातळीवर मागितला पाहिजे.

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते, तेव्हा वारकऱ्यांसाठी उपचाराची सोय होते, औषधे वाटली जातात. पालखी पुढे गेली की तंबू उठतात. हा रोग मात्र एका मुक्कामाचा नाही. त्याला बाराही महिने औषध लागते. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या दवाखान्यात दर महिन्याला जावे, ही गोळी किती दिवस नव्हती याची नोंद करावी आणि ती नोंद नगरपंचायतीपुढे व जिल्हा परिषदेपुढे ठेवावी. काम लहान आहे, त्यात घोषणा नाहीत. परंतु माझे शेजारी ती गोळी पुन्हा सुरू करतील की नाही, हे अशाच कामावर अवलंबून आहे.