'काहीही कर' म्हणू नका



मृगाच्या पेरण्या तोंडावर आल्या आहेत. अशा वेळी ह्या सदरात बीजप्रक्रिया, उगवणशक्तीची चाचणी असे काही यावे, ही आपली अपेक्षा रास्त आहे. ते पुढच्या अंकी घेऊ. आज मात्र शेतातून घरात आणि घरातून सरळ चुलीपाशी जाऊ. कारण गेल्या वर्षभरात मला जो एक धडा मिळाला, तो खात्याच्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मिळाला नव्हता.

गोष्ट माझ्याच घरची आहे. आई होती तोवर आमच्या स्वयंपाकघरात दोघी असत. आई बसून निवडायची, सोलायची. माझी पत्नी फोडणी घालायची, भाकरी थापायची. दोघींचे बोलणे चालायचे, कधी वादही व्हायचे; पण ताटात रोज काही तरी नवे असे. चार वर्षांपूर्वी आई गेली. मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. घरात उरलो दोघे, आणि त्यातला एक मी, दिवसभर फिरतीवर. हळूहळू ताटातले पदार्थ कमी झाले. वरण-भात, बटाटा, पुन्हा बटाटा, वरण-भात. माझ्या लक्षात आले नाही असे नाही. पण 'वय झाले, कंटाळा येतो' असे म्हणून मी सोडून दिले.

गेल्या कार्तिकात एके रात्री नऊ वाजता घरी आलो. पोटात कावळे ओरडत होते. ताटात पाहतो तो पाकिटातल्या शेवया! ज्या बाईच्या हातच्या शेंगोळ्यांसाठी पाहुणे मुक्काम वाढवीत, तिच्या घरात ह्या दोन मिनिटांच्या शेवया. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "हे काय?"

ती शांतपणे म्हणाली, "अहो, सकाळी काय करू म्हणून विचारलं, तर तुम्ही 'काहीही कर' म्हणालात. हे काहीहीच आहे."

मी हसलो. ती हसली नाही.

पुढच्याच आठवड्यात एका गावी आरोग्य तपासणीचे शिबिर होते. तिला चक्कर येते म्हणत होती, म्हणून सोबत नेले. रक्तातील हिमोग्लोबिन भरले ८.४. स्त्रियांना ते निदान १२ असावे लागते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तुम्ही स्वतः काय जेवता?" ती म्हणाली, "ह्यांचा डबा गेला की एकटीसाठी काय करायचं? सकाळचं उरलेलं असेल ते. नाही तर चहा-बिस्कीट." महिला मेळाव्यांतून 'समतोल आहार' ह्या विषयावर मी किती भाषणे दिली असतील ह्याचा हिशेब नाही. त्या दिवशी शेजारच्या स्टुलावर मान खाली घालून बसलो होतो. बाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गोळ्यांचं मी बघते. ताटाचं तुम्ही बघा."

बंधु-भगिनींनो, घरातल्या स्वयंपाकातला उत्साह गेला की आपल्याला वाटते, चव गेली. तसे नाही. सर्वांत आधी रिकामे होते ते करणारीचे ताट. इतरांसाठी ती कसेबसे रांधते, स्वतःसाठी नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ह्याची कारणे अनेक आहेत. पण त्यातले एक आपल्या उंबऱ्याच्या आत आहे.

त्यानंतर मी गावोगाव बायाबापड्यांना विचारू लागलो, की स्वयंपाकाचा कंटाळा का येतो? बालाघाटाच्या पायथ्याच्या एका गावी एक आजी म्हणाली, "सायेब, पीठ जुनं झालं की त्याची विरी जाती. मग कितीबी मळा, भाकर तुटतीच. माणसाचं बी तसंच हाय."

आजीचे बोलणे शास्त्राला धरून आहे. गव्हात जो चिकटपणा आणणारा घटक असतो, तो ज्वारीत नसतो. ज्वारीचे पीठ धरून राहते ते आधणाच्या पाण्याने त्यातील पिष्ट फुगते म्हणून, आणि दळण ताजे असते म्हणून. महिनाभराचे दळण एकदम आणून डबा भरून ठेवला, की शेवटच्या पंधरवड्यात भाकरी थापता थापता चिरते, काठाला तुटते. मग 'भाकरी जमत नाही, त्यापेक्षा पोळ्या बऱ्या' असे होते. आमच्या घरी तेच चालले होते. म्हणून पहिली गोष्ट केली ती ही, की दळण आठ दिवसांपुरतेच, दोन-तीन किलोचे. आणि गिरणीवर नेण्याचे काम माझे. पहिल्याच दिवशी भाकरी टम्म फुगली. तव्याकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते मी बऱ्याच दिवसांनी पाहिले.

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना मला थोडे संकोचल्यासारखे होते.

बायांना विचारले की त्या म्हणतात, "नवं काय करावं? घरात आहे काय?" खरेच आहे. पूर्वी खरिपाच्या ज्वारीत तुरीचे तास असे, मुगा-उडदाचे तास असत. कडेने अंबाडी, मधूनच चवळी, तीळ, कारळ, काकडीचे चार वेल. तिफणीमागे घरची लक्ष्मी ओटीतून बी सोडीत चाले, म्हणजे वर्षभर काय रांधायचे ते पेरणीच्या दिवशी तीच ठरवीत असे. मी १९९६ साली नोकरीस लागलो, तेव्हा गावोगाव सोयाबीनची प्रात्यक्षिके घेतली. जे.एस. ३३५ वाणाचे बी बांधावर उभे राहून पेरून दिले. सोयाबीनला मी नावे ठेवणार नाही. त्या पिकाने अनेकांची घरे उभी राहिली, मुलींची शिक्षणे झाली. पण बांधापासून बांधापर्यंत एकच पीक झाले, तेव्हा स्वयंपाकघराचे तास कोणते, हे मी कुणाला विचारले नाही. आज सोयाबीन विकून आपण तूरडाळ विकत आणतो, तेल विकत आणतो, आणि तिळाची, कारळाची चटणी कशी करतात हे सुनांना ठाऊक नसते.

तेव्हा ह्या पेरणीत एवढे करा. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात, ही शिफारस आपल्या परिचयाची आहेच. ती ह्या वर्षी पाळाच. बांधालगत अंबाडी, तीळ आणि चवळीचे एकेक तास टाका. हलक्या रानाचा तुकडा पडीक असेल तर हुलगा करा. त्याला पाणी थोडे लागते आणि जमिनीला नत्र मिळते. घरामागे एक गुंठा जागा असेल तर मोरीच्या सांडपाण्यावर शेवगा, कढीपत्ता, दोडका, घेवडा सहज होतो. मेथीचा वाफा एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरावा, म्हणजे भाजी जून होत नाही. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, कुर्डू फुकट मिळते. मात्र तणनाशक फवारलेल्या रानातील पाला चुकूनही खुडू नका. आणि पेरणीच्या आधी घरातल्या बाईला विचारा, "तुला काय काय लागेल?" हा प्रश्न आपण बी-बियाणे विकणाऱ्याला विचारतो, घरात विचारत नाही.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे दिसले. जे पुरुष घरकाम करतात, त्यांचा ९७ मिनिटे. आणि असे करणारे पुरुष थोडेच. मी माझी मिनिटे मोजली. ती शून्य भरली. तेव्हापासून लसूण सोलणे, पालेभाजी निवडणे आणि रात्रीची भांडी ही कामे माझ्याकडे आहेत. भाकरीही शिकलो. पहिली भाकरी नकाशासारखी झाली, दुसरी परातीला चिकटली, तिसरी शेजारच्या म्हशीने खाल्ली. पण तिला त्या दिवशी पोटभर हसताना पाहिले, म्हणून भाकरी वाया गेली असे मी म्हणणार नाही.

चौथी गोष्ट सोबतीची. आईच्या जाण्याने चव गेली नव्हती, सोबत गेली होती. आता दर गुरुवारी शेजारच्या दोघी आमच्याकडे येतात आणि एखादा किचकट पदार्थ तिघी मिळून करतात. ह्या उन्हाळ्यात सांडगे, पापड, कुरडया अशाच झाल्या. एकटीला जे ओझे वाटते, ते तिघींत गप्पांच्या नादात कधी उरकते हे कळतही नाही.

पहिल्या गुरुवारी झाले ते शेंगोळे. कृती अनेकांना माहीत असेल, पण नव्या सुनांसाठी देतो. हुलग्याचे पीठ दोन वाट्या, ज्वारीचे पीठ अर्धी वाटी. लसूण, हिरवी मिरची व जिरे एकत्र वाटून त्यातले निम्मे पिठात घालावे. ओवा, हळद, मीठ घालून घट्ट मळावे. तेलाचा हात लावून बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या कराव्यात व शेंगेसारखा आकार द्यावा. पातेल्यात फोडणी करून उरलेले वाटण परतावे, सहा-सात वाट्या पाणी घालून उकळी आणावी. उकळत्या पाण्यातच शेंगोळे एकेक सोडावेत, म्हणजे मोडत नाहीत. झाकण ठेवून वीसेक मिनिटे शिजवावे. रस दाट हवा असेल तर चमचाभर पीठ पाण्यात कालवून लावावे. वरून लिंबू पिळावे. लिंबाने कडधान्यातील व पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते; जेवणासोबत घेतलेला चहा त्याला अडथळा आणतो. म्हणून चहा जेवणाच्या तासभर पुढे-मागे ठेवावा. हे आमच्या घरी आता काटेकोर पाळले जाते.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची. सर्वांची ताटे एकदम वाढायची आणि तिने सोबतच जेवायला बसायचे. लागेल ते ज्याचे त्याने उठून घ्यायचे.

फाल्गुनात पुन्हा रक्त तपासले. ११.२ भरले. ह्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे, तो मी ताटाच्या नावावर लिहिणार नाही. आणि अजून बारापर्यंत जायचे आहे. पण चक्कर थांबली आहे, आणि मुलाला फोनवर "ये, तुला अंबाडीची भाजी करून घालते" असे ती आपणहून सांगते.

परवा सकाळी तिने विचारले, "आज काय करू?" मी म्हणालो, "तिळाची चटणी आणि कढी. तीळ मी भाजतो." ती म्हणाली, "मंद आचेवर भाजा, करपवू नका."

आपल्याही घरी हा प्रश्न उद्या सकाळी येईल. उत्तर देताना पदार्थाचे नाव घ्या, आणि त्यातले एक काम स्वतःकडे घ्या. 'काहीही कर' एवढे मात्र म्हणू नका.

असो. पुढील अंकी बीजप्रक्रियेविषयी.