घाम गाळाल तर अनुदान बंद!



पुण्यातला साहेब निवृत्त होऊन खाजगी कंपनीत सल्लागार म्हणून बसला, तरी त्याच्या पेन्शनला धक्का लागत नाही. आमच्या कोरडवाहू म्हाताऱ्याला मात्र श्रावणबाळचे पैसे हवे असतील तर हात बांधून बसावे लागते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर सबंध कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. पुण्यात तेवढ्यात एक खोली भाड्याने मिळत नाही.

हिशोब आपणच करू. २०२४-२५ साली मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,१२१ रुपये होता. तीन क्विंटल विकला की पट्टी २१,३६३ रुपयांची. बियाणे, फवारणी, वेचणी वजा करा म्हणावे, पण दाखला लिहिणारा तो खर्च मांडतो का? त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. घराने हमीचे १०० दिवस पुरे भरले तर २९,७०० रुपये. सरकारने दिलेलेच काम केले आणि सरकारच्याच लेखी घर श्रीमंत झाले!

अनुदान २०१९ साली ६०० चे १,००० झाले, २०२३ साली १,५०० झाले. मर्यादा तसूभर हलली नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, तिला मर्यादा अडीच लाखांची. म्हणजे आमची मायबहीण पासष्टीपर्यंत अडीच लाखांच्या घरातही गरजू, आणि पासष्टी ओलांडली की २१ हजारांच्या वर श्रीमंत! एका वाढदिवसाने तिच्या घरात असे कोणते घबाड आले?

अशा नियमाने गरिबी हटत नाही, खरे बोलणे तेवढे हटते. प्रामाणिक म्हातारी खुरपणीची मजुरी सांगते आणि रांगेतून बाहेर पडते. खोटा दाखला काढून देणाऱ्या दलालाची मात्र चांदी होते.

कोणी म्हणेल, आपण घामाचे दाम मागणारी माणसे, अनुदानासाठी हात का पसरावा? आम्ही हात पसरत नाही. आयुष्यभर पडत्या भावाने माल विकून ज्यांनी शहरे पोसली, त्यांचे ते देणे आहे. पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव सर्व कष्टकऱ्यांच्या पेन्शनसाठी लढले, ते याच हक्कासाठी.

मर्यादा काढली तर धनदांडगे घुसतील, ही भीती दाखवतात. आयकर भरणारा आणि सरकारी पेन्शन घेणारा खुशाल वगळा. पण खुरप्याला आणि विळ्याला उत्पन्नाची अट लावू नका.

जिल्हा मेळाव्यात ठराव मांडू: ६५ वर्षांवरील माणसाची स्वतःच्या कष्टाची कमाई उत्पन्नात धरू नये, शेतीचे उत्पन्न खर्च वजा करूनच मोजावे आणि मर्यादा महागाईबरोबर वाढावी. तोवर प्रत्येक गावाने नाकारलेल्या अर्जांची यादी, कारणासह, लिहून आणावी. तोंडी गाऱ्हाणे तहसीलच्या पायरीवरच विरते. कागद विरत नाही.