टांकसाळीच्या चुकलेल्या हिशेबातून जन्मलेली दुर्मीळता

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात पाऊण तोळा वजनाचे सोन्याचे एक नाणे ८४ लाख डॉलरला विकले गेले. १८२२ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेले हे पाच डॉलरचे नाणे; त्याला ‘हाफ ईगल’ म्हणतात. त्या वर्षी अशी १७,७९६ नाणी पाडल्याची टांकसाळीची नोंद आहे. आज त्यांतील केवळ तीन ज्ञात आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला चार हजार डॉलरचा टप्पा ओलांडला, त्या भावानेही या नाण्यातील धातूचे मोल हजार डॉलरच्या आसपासच भरते. उरलेली सारी किंमत दुर्मीळतेची आहे. ही दुर्मीळता कोठून आली आणि तिच्यावर पैसा लावणे कितपत शहाणपणाचे, हे दोन प्रश्न त्यामुळे एकत्रच तपासावे लागतात.

नाणी हरवली, बुडाली किंवा चोरीस गेली म्हणून दुर्मीळ झाली, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेच्या आरंभीच्या सुवर्णनाण्यांच्या बाबतीत तो फारसा खरा नाही. ती कायद्याने आटवली गेली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. १७९२ च्या नाणे कायद्याने एक औंस सोने म्हणजे पंधरा औंस चांदी असे प्रमाण ठरवून दिले. युरोपात सोन्याचा भाव याहून चढा होता. फ्रान्सने १८०३ मध्ये साडेपंधराचे प्रमाण स्वीकारले. याचा अर्थ व्यापाऱ्याला उमगायला वेळ लागला नाही. अमेरिकेत पंधरा औंस चांदी देऊन एक औंस सोन्याची नाणी घ्यायची, ती जहाजाने युरोपात न्यायची आणि तेथे साडेपंधरा औंस चांदी पदरात पाडून घ्यायची. वाहतुकीचा खर्च वजा जाताही नफा उरे. टांकसाळ नाणी पाडत होती आणि ती परदेशच्या मुशीत जात होती. दहा डॉलरच्या ‘ईगल’ची पाडणी १८०४ मध्ये थांबवावी लागली, ती थेट १८३८ मध्ये पुन्हा सुरू झाली.

चूक दुरुस्त व्हायला १८३४ साल उजाडले. हाफ ईगलमधील शुद्ध सोने १२३.७५ ग्रेनवरून ११६ ग्रेनवर आणण्यात आले. नवी नाणी चटकन ओळखता यावीत म्हणून त्यांवरील लॅटिन बोधवाक्यही काढून टाकले गेले. परंतु या दुरुस्तीनेच जुन्या नाण्यांचा उरलासुरला आधार गेला. पाच डॉलरचे जुने नाणे आटवले तर नव्या हिशेबाने पाच डॉलर तेहतीस सेंट मिळत. मग ते जपून कोण ठेवणार?

शंभर वर्षांनी सरकारने पुन्हा सोन्याला हात घातला. एप्रिल १९३३ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नागरिकांना जवळचे सोने सरकारजमा करण्याचा आदेश दिला. संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेल्या दुर्मीळ नाण्यांना मात्र त्यातून सूट होती. एका वाक्याच्या या सवलतीने सोने कायदेशीररीत्या जवळ बाळगण्याची एक वाट मोकळी राहिली आणि सधनांची पावले तिकडे वळली. बाल्टिमोरचे बँकर लुई एलियासबर्ग यांनी १९४५ मध्ये हे १८२२ चे नाणे मिळवले. उरलेली दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत. त्यांपैकी एक उद्योगपती जोसाया लिली यांच्या संग्रहातून आले. लिलींच्या वारसांना सहा हजारांहून अधिक सुवर्णनाण्यांच्या बदल्यात सुमारे ५५ लाख डॉलरची करसवलत देण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९६८ मध्ये खास कायदा केला होता. म्हणजे ज्या धातूचा भाव ठरवताना सरकार एकदा चुकले, त्याच धातूची मोजकी नाणी परत मिळवताना सरकारी तिजोरीला असा भार सोसावा लागला.

आता गुंतवणुकीचा प्रश्न. एलियासबर्ग संग्रहाच्या ऑक्टोबर १९८२ मधील लिलावात हे नाणे ६ लाख ८७ हजार ५०० डॉलरला गेले. २०२१ चे ८४ लाख त्याच्या बारा पटींहून अधिक भरतात. हा आकडा बातम्यांत शोभून दिसतो. पण त्यात खरेदीदाराने भरलेले २० टक्के लिलाव शुल्क आहे. नाण्याची बोली ७० लाखांवर थांबली होती. तेव्हा विकणाऱ्याच्या दृष्टीने वाढ जेमतेम दहा पट, म्हणजे ३९ वर्षांत दरसाल सरासरी सहा टक्के. विमा आणि सुरक्षित साठवणुकीचा खर्च वेगळाच. त्याच काळात सोने सुमारे चौपट झाले आणि अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक, लाभांश न धरताही, तिसाच्या घरात पट वाढला. हे झाले अमेरिकी टांकसाळीच्या अत्यंत दुर्मीळ नाण्यांपैकी एकाचे. सामान्य नाण्याला अशी झळाळीही नसते. सोने महागते तसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विपुल नाण्यांचे धातुमूल्यच त्यांच्या संग्राहकमूल्याला गाठू लागते आणि मुशीची ओढ पुन्हा सुरू होते.

शिवाय नाण्याचा दर्जा ठरतो तो १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या खासगी प्रमाणन कंपन्यांच्या ७० गुणांच्या श्रेणीवर. अखेर ते तज्ज्ञांचे मतच. पण एका गुणाच्या फरकाने किंमत कितीतरी बदलते. नाणे हौसेने घासून चकचकीत केले तर त्याचे मोल उतरते, हे घरचे दागिने दिवाळीला उजळून घेणाऱ्यांना चमत्कारिक वाटेल.

आणि ग्राहक तरी किती? हेच नाणे २०१६ मध्ये लिलावात आले होते. बोली ६० लाख डॉलरच्या पुढे गेली, परंतु मालकाने ठरवलेली राखीव किंमत गाठली गेली नाही. नाणे विक्रीविना परत गेले आणि पुढची बोली लागायला पाच वर्षे जावी लागली.